मागच्या भिंतीपर्यंतचं वायफाय

केजहून आलेल्या सोमेश्वरनं नवा राउटर बैठकीच्या भिंतीवर बसवला, स्वतःच्या मोबाईलवर स्पीड मोजला आणि फोन अर्जुनरावांच्या नाकासमोर धरला.

"बघा काका, चौऱ्याण्णव! जुन्यावर चाळीसच्या वर कधी बघितलं होतं का?"

अर्जुनरावांनी आकडा बघितला आणि मग सोमेश्वर कुठं उभा आहे ते बघितलं. तो राउटरच्या बरोब्बर खाली उभा होता.

"हितं उभं राहून कुनीबी चौऱ्याण्णव दाखवंल," ते म्हणाले. "सैपाकघरात किती येतंय?"

"सगळीकडं येतंय काका. बिनघोर ऱ्हावा." सोमेश्वरला अजून दोन गावं करायची होती. जुना राउटर टेबलावर ठेवून तो मोटारसायकलला किक मारून गेला.

अर्जुनरावांच्या मनाचं समाधान झालं नाही. चौतीस वर्षं त्यांनी परळीच्या थर्मलमध्ये इन्स्ट्रुमेंट खात्यात काढली होती. वाफेचा दाब, पाण्याची पातळी, धुराड्याचं तापमान असले काटे वाचायचे, वाचलेलं तासातासाला लिहायचं आणि काटा खोटं बोलतोय अशी शंका आली की दुसरा काटा लावून पडताळून बघायचं, हा त्यांचा धंदा. निवृत्त होऊन नांदूरघाटला परत येऊन तीन वर्षं झाली तरी ती सवय गेली नव्हती. घरातल्या घड्याळाचा सेकंदकाटासुद्धा ते रेडिओशी ताडून बघत.

नवा राउटर सुनेसाठी घेतला होता. वैष्णवी पुण्याच्या एका विमा कंपनीचं काम घरी बसून करायची. दवाखान्यांची कागदपत्रं कॉम्प्युटरवर तपासायची. नवरा शिवशंकर परळीच्या साखर कारखान्यात; हंगामात फक्त शनिवारी घरी. मोबाईलची रेंज गावच्या या खोलगट भागात धड यायची नाही, म्हणून सगळी भिस्त वायफायवर. मीटिंग चालू असताना समोरच्या माणसाचं तोंड उघडंच्या उघडं राहायचं आणि वैष्णवी बेजार व्हायची.

सोमवारी राउटर बसला. तीन दिवस अर्जुनराव जेवताना एकच गोष्ट बोलत राहिले, की एका जागेवरच्या आकड्याला काही अर्थ नसतो. गुरुवारी सकाळी सत्यशीलाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "आवं, मंग मोजा की एकदाचं. जुनाबी लावा, नवाबी लावा, आन् बगा कोनचा किती पळतोय."

एरवी या असल्या उद्योगाला त्या 'रिकामा कारभार' म्हणत. आज त्यांनीच वाट मोकळी केली याचं अर्जुनरावांना जरा नवल वाटलं, पण कारण विचारायच्या आत ते वही शोधायला उठलेसुद्धा होते.

वैष्णवीनं नव्या राउटरला वायर जोडून जुना पुन्हा त्याच्या मूळ जागी, माजघरातल्या फळीवर चालू करून दिला. "मामा, आता दोन्ही चालू हायेत. आपले सगळे फोन, माझा लॅपटॉप, टीव्ही नव्यावर. जुन्यावर कुनीच न्हाई. तुमच्या फोनवर जुनं नाव निवडलं की जुन्याचा स्पीड, नवं निवडलं की नव्याचा."

अर्जुनरावांनी घराचा नकाशा काढला. बैठक, माजघर, सैपाकघर, वरची वैष्णवीची खोली, मागची धान्याची खोली आणि शेवटी मागचं अंगण, अशा सहा जागा. प्रत्येक जागी खडूनं फुली मारली. फोन छातीच्या उंचीवर धरायचा, तीनदा मोजायचं, मधला आकडा लिहायचा. वेळा सकाळी दहा, दुपारी चार, संध्याकाळी आठ.

"अंगन कशाला?" वैष्णवीनं विचारलं. "तिथं कोन बसतंय वायफाय लावून?"

"लाईन जितवर जाती तितवर मोजायचं. मधीच सोडून द्यायचं न्हाई."

पहिल्याच फेरीत त्यांची शंका खरी निघाली. नवा राउटर बैठकीत चौऱ्याण्णव देत होता, माजघरात एकाहत्तर, सैपाकघरात बावन्न. वरच्या खोलीत त्रेसष्ट, म्हणजे वैष्णवीचं काम झालं. पण धान्याच्या खोलीत एकदम आठ. आणि मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडापाशी, नुसतंच चाक फिरत राहिलं. आकडा म्हणून उमटलाच नाही.

जुना राउटर बैठकीत अडतीस, सैपाकघरात चोवीस, वर एकोणीस. सगळीकडं कमीच. पण धान्याच्या खोलीत चौदा, आणि अंगणात, दोन फूट रुंदीच्या दगडी भिंतीपलीकडं, चांगले अकरा.

"आता हे कसं काय?" त्यांनी सुनेला वही दाखवली. चेहऱ्यावर कोडं सापडल्याचा आनंद होता.

वैष्णवीनं कानातला इअरफोन काढला. "मामा, नव्यात दोन पट्टे असतात. येक लई पळतो, पण भिंत आडवी आली की दमतो. दुसरा हळू हाय, पण लांब जातो. आन् जुना माजघरात हाय, नवा पार पुढं. तुलना बरोबरीची न्हाई."

हे त्यांना एकदम पटलं. शुक्रवारी सकाळी त्यांनी दोन्ही राउटर बैठकीत एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि सगळं पुन्हा मोजलं. अंगणात आता जुन्याचे सहा आले, नव्याच्या हळू पट्ट्याचे दोन. जुन्याच्या डोक्यावरच्या अँटेनाच्या दोन काड्यांमध्ये काहीतरी जीव होता तर. वहीत त्यांनी लिहिलं, 'जवळ नवा, लांब जुना,' आणि त्याखाली रेघ ओढली.

काम इथंच संपलं असतं. पण दुपारी जुना परत माजघरात लावल्यावर वैष्णवी सहज म्हणाली, "मामा, जुन्यावर तुमचा येकच फोन हाय ना?"

"येकच."

"मला दोन दिसायलेत."

तिच्या लॅपटॉपवर जुन्या राउटरचं पान उघडं होतं. त्यात जोडलेल्या फोनांची यादी होती. एक अर्जुनरावांचा. दुसऱ्याचं नाव म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरं आणि आकडे, कुठल्यातरी स्वस्तातल्या फोनचं.

अर्जुनरावांनी जुन्याचं बटण बंद केलं, मिनिटभर थांबून चालू केलं. त्यांचा स्वतःचा फोन जोडून घ्यायच्या आत तो दुसरा येऊन बसला होता. पुन्हा बंद, पुन्हा चालू. पुन्हा तेच.

"हे तर वाटच बघत बसलंय," ते म्हणाले.

"पासवर्ड म्हाईत असल्याबगर असं आपोआप जोडत न्हाई," वैष्णवी म्हणाली. "बंद करून टाकू का त्याला? येका क्लिकचं काम हाय."

"थांब. आधी कोन हाय ते बघू."

ते फोन घेऊन घराभोवती फिरले. पुढच्या गल्लीत जुन्याची रेंज येत नव्हती. डाव्या बाजूला देशमुखांची पडीक जागा, तिथं कुणी नव्हतं. उजवीकडं शाळेचं मैदान. राहिली मागची बाजू. ते धुण्याच्या दगडापाशी आले आणि तिथंच थांबले. दगडापुढं खांद्याएवढी भिंत होती, आणि भिंतीपलीकडं त्यांच्या सख्ख्या थोरल्या भावाचं, आप्पारावांचं, अंगण.

नऊ वर्षं झाली, दोघं भाऊ एकमेकांशी बोलले नव्हते.

भांडण असं म्हणावं तर झालंच नव्हतं. आप्पाराव ग्रामपंचायतीला उभे राहिले होते. तीस वर्षं मळणी यंत्र घेऊन त्यांनी गावोगावची ज्वारी काढून दिली होती, सगळ्यांशी बोलणं-चालणं, आणि वॉर्डात त्यांचंच पारडं जड आहे असं लोक म्हणत होते. ते तीन मतांनी पडले. आणि परळीच्या क्वार्टरमध्ये चार मतं बसून होती: अर्जुनराव, सत्यशीलाबाई, शिवशंकर आणि तेव्हा लग्न व्हायची असलेली लेक. युनिट दुरुस्तीला काढलं होतं, रजा मिळाली नाही, असं अर्जुनरावांनी नंतर कळवलं. आप्पारावांनी त्यावर काहीच कळवलं नाही. त्यानंतर लग्नं झाली, मरणं झाली, दोघं एकाच मांडवात दोन टोकांना बसले. निवृत्तीनंतर अर्जुनराव गावात राहायला आले तरी मागच्या भिंतीतलं दार खिळे मारलेलं तसंच राहिलं.

ते घरात आले. सत्यशीलाबाई सुपात तूर घेऊन बसल्या होत्या.

"मागच्या घरात आपलं वायफाय कोन वापरायलंय?"

सत्यशीलाबाईंचे हात थांबले नाहीत. "मी दिलाय पासवर्ड," त्या म्हणाल्या. "छबुआक्कांना. दीड वरीस झालं."

छबुआक्का म्हणजे आप्पारावांची बायको, सत्यशीलाबाईंची थोरली जाऊ.

"तुमी इचारलं म्हणून सांगते. न्हाई इचारलं असतं तर न्हाई सांगितलं असतं." त्यांनी सूप खाली ठेवलं. "भावजींना ऐकू येत न्हाई आता. काहीच न्हाई. त्या मशीनच्या आवाजानं कान गेले, डाक्टर म्हणले. येक कान आधीच गेलता, दुसराबी गेला. आक्का बोलून बोलून थकल्या. हातवारे करून किती करनार? मंग संगीतानं, त्यांच्या लेकीनं, फोनात काहीतरी टाकून दिलं. आपन बोललं की त्यात लिहून येतंय. ते वाचतेत आन् बोलतेत. पन त्याला नेट लागतंय, आन् तितं रेंज कुटंय?"

"मला कावून सांगितलं न्हाई?"

"सांगून काय केलं असतं तुमी?"

ते कॉटवर टेकले.

"सोमवारी नवं मशीन आलं, जुनं बंद झालं," सत्यशीलाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "तीन दिस त्या घरात कुनी कुनाशी बोललं न्हाई. बुधवारी आक्का भिंतीपाशी आल्या. म्हणल्या, ह्यांना वाटायलंय मीच रुसले. फोन हातात घेऊन बसतेत आन् माज्या तोंडाकडं बगतेत. म्हणून म्हणलं तुमाला, मोजा."

वैष्णवी दारात उभी होती. तिनं लॅपटॉप गुपचूप मिटला.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, चारच्या रीडिंगला अर्जुनराव अंगणात गेले. फुलीवर उभं राहून त्यांनी फोन छातीपाशी धरला, पण बटण दाबलं नाही. भिंतीवरून पलीकडचं अंगण दिसत होतं. बाजेवर आप्पाराव बसले होते. केवढे वाळले होते! लग्नाकार्यात लांबून बघितलेला माणूस आणि हा माणूस यांत फार फरक होता. शेजारी छबुबाई मोबाईल तोंडाजवळ धरून, शाळेतलं पोर कविता म्हणतं तशा सावकाश बोलत होत्या.

"शेंगा… आत… घेऊ… का?"

त्यांनी फोन नवऱ्यापुढं धरला. आप्पारावांनी चष्मा वर केला, वाचलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "राहू दे की! अजून ऊन हाय!"

छबुबाई हसल्या. फोन परत तोंडाशी नेऊन काहीतरी म्हणाल्या. आप्पारावांनी वाचलं आणि तेही हसले.

अर्जुनराव तिथं किती वेळ उभे होते कोण जाणे. मग ते घरात आले, पायांत चपला घातल्या आणि पुढच्या दारानं बाहेर पडले. गल्लीतून वळसा घालून भावाच्या दारापर्यंत जायला दोनशे पावलं होती. मध्ये दोन माणसांनी रामराम घातला आणि ते कुणीकडं निघालेत हे बघत तिथंच उभी राहिली.

छबुबाईंनी त्यांना दारात बघितलं आणि डोक्यावर पदर ओढून घेतला. "या, भावजी," एवढंच त्या म्हणाल्या.

आप्पारावांनी मान वर केली. धाकट्या भावाकडं बघितलं, मग बायकोकडं. उठले नाहीत, बसही म्हणाले नाहीत. अर्जुनराव समोरच्या पोत्यावर बसले. काय बोलायचं ते ठरवून आले होते, पण समोर बसल्यावर लक्षात आलं की आपण जे बोलू ते यांना ऐकूच येणार नाही. छबुबाईंनी फोन त्यांच्या हातात दिला.

"हितं दाबायचं आन् बोलायचं. सावकाश. आन् भावजी, जरा शाळेतल्यावानी बोला. आपलं गावचं बोलनं फोनाला समजत न्हाई."

अर्जुनरावांनी बटण दाबलं. "दादा, कसा हायेस?"

फोनवर अक्षरं उमटली. आप्पारावांनी वाचली. "कसा असनार? बहिरा हाय," ते गरजले. मग त्यांना काहीतरी उमगलं. त्यांनी फोनकडं बोट केलं. "तीन दिस हे बंद होतं. ह्याचं नेट कुनाचं हाय? छबू म्हणती संगीतानं रिचार्ज मारलंय."

छबुबाईंनी मान खाली घातली. अर्जुनरावांनी फोन तोंडाशी नेला. "माझ्या घरचं आहे."

आप्पारावांचा चेहरा आवळला. त्यांनी फोन अर्जुनरावांच्या हातातून घेतला आणि बाजेवर पालथा घातला. "नको मला. कुनाचं फुकटचं नको. नऊ वर्सं ज्यानं तोंड दाखवलं न्हाई त्याचं तर मुळीच नको."

यावर उठून निघून जाणं सोपं होतं. अर्जुनरावांनी हात लांब करून फोन उचलला. बटण दाबलं. एक वाक्य होतं, जे त्यांनी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, "दादा, मी रजा मागितलीच न्हवती."

त्यांनी फोन पुढं धरला. आप्पारावांना राहवलं नाही, त्यांनी वाचलं. कपाळाला आठ्या पडल्या. "राजा मागितलाच नव्हता? कुनाचा राजा? काय बोलायलास बे?"

छबुबाईंनी पदर तोंडाला लावला. एकदा बोलायलाच जे नऊ वर्षं लागली, ते आता पुन्हा बोलायचं होतं, आणि तेही शुद्ध. अर्जुनरावांनी शब्द बदलला.

"मी सुट्टी मागितली नव्हती. मतदानाला. साहेबांनी अडवलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं."

थोडं थांबून ते पुढं बोलले, कारण अर्धवट सांगून काही उपयोग नव्हता. "तू स्वतः फोन केला नाहीस. माणसाकरवी निरोप धाडलास. मला राग आला होता. मला वाटलं, चार मतांनी काय होतंय."

सगळं नीट उमटलं. एक अक्षर चुकलं नाही.

आप्पाराव वाचत राहिले. पडदा काळा झाला, त्यांनी बोट लावून उजळला, पुन्हा वाचलं. अंगणात शेंगांवर चिमण्या उतरल्या होत्या, त्यांना हाकलायला कुणी उठलं नाही.

"गाव म्हणायचं," आप्पाराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "गाव म्हणायचं, आर्जुननं मुद्दाम केलं. चार चार लोकांत म्हणायचे. मी म्हणायचो, न्हाई. त्याची नोकरी हाय, त्याला सोडलं न्हाई. माजा राग येवढाच होता की पडल्यावर भेटायला आला न्हाईस." त्यांनी फोन बाजेवर ठेवला. "म्हंजी गाव खरं बोलत होतं."

ते उठले आणि आत गेले. दार लावलं नाही, पण परत बाहेरही आले नाहीत.

छबुबाई म्हणाल्या, "भावजी, चहा टाकते."

"नको वहिनी," अर्जुनराव म्हणाले. येताना दोनशे पावलं होती. जाताना ती जास्त वाटली.

त्या संध्याकाळी आठचं रीडिंग त्यांनी घेतलं नाही. शिवशंकर परळीहून आला होता. बाप गप्प का आहे हे त्यानं आईला खुणेनं विचारलं, आणि तिनं त्याला जेवायला वाढलं. जेवून झाल्यावर अर्जुनराव एवढंच म्हणाले, "जुना बंद करू नका कुनी."

पण रविवारी सकाळी तो त्यांनीच बंद केला. जुना राउटर माजघराऐवजी धान्याच्या खोलीत, मागच्या भिंतीला लावून ठेवला तर अंगणाच्या पलीकडं जास्त जाईल, असं त्यांना सकाळी आंघोळ करताना सुचलं. त्यासाठी वीस मीटर वायर लागणार होती. ती त्यांच्याकडं होती. असल्या वस्तू त्यांच्याकडं असायच्याच. शिवशंकर शिडीवर, ते खाली, असं वायर ओढायचं काम चाललं होतं, तेवढ्यात मागून आवाज आला.

"आर्जुना!"

शिवशंकर शिडीवर दचकला. सत्यशीलाबाई सैपाकघरातून धावत आल्या.

"आर्जुना! आरं आज रेंज न्हाई हितं!"

अर्जुनराव अंगणात गेले. भिंतीपलीकडं आप्पाराव फोन डोक्यावर धरून उभे होते. भावाला बघून त्यांनी फोन खाली घेतला.

"राग हाय मला अजून," ते ओरडले. "लई राग हाय. सगळी रात झोप न्हाई. पन हे चालू कर आधी. हिनं सकाळपासून काय सांगितलंय, मला काहीच समजंना."

अर्जुनरावांनी हातानं खूण केली: थांब, पाच मिनिटं. मग त्यांनी आत जाऊन खडू आणि शिवशंकरची जुनी पाटी आणली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, 'जागा बदलतोय. आता जास्त येईल. मोजून सांग.' पाटी त्यांनी भिंतीवर धरली.

"मोजायचं कसं?" आप्पाराव म्हणाले.

ते शिकवायला अर्धा तास गेला. वैष्णवी शिडी लावून भिंतीवर बसली आणि तिनं चुलतसासऱ्यांच्या फोनवर स्पीड मोजायचं बटण काढून दिलं. मग शिवशंकर धान्याच्या खोलीत राउटर धरून उभा राहिला, आधी खिडकीत, मग कणगीवर, मग आढ्याच्या जवळ. आणि प्रत्येक जागेला पलीकडून आप्पारावांचा आवाज आला.

"चौदा!"

"नऊ! घसरलं, घसरलं!"

"एकवीस! हां, हितंच! हलवू नका!"

त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, त्यामुळं आकडे शाळेच्या मैदानापर्यंत जात होते. अर्जुनराव प्रत्येक आकडा लिहीत होते. खिडकीच्या चौकटीच्या वर, डाव्या हाताला, काड्या आडव्या करून ठेवल्यावर भावाच्या ओसरीत सव्वीस येत होते. तिथं त्यांनी दोन खिळे ठोकले.

एवढ्यानं सगळं सुरळीत झालं असं नाही. आप्पाराव पुढचे पंधरा दिवस अर्जुनरावांच्या घरी आले नाहीत. बोलत मात्र होते, भिंतीवरून, मनात येईल तेव्हा. कधी तुरीचा भाव विचारत, कधी मध्येच आठवण झाल्यासारखे म्हणत, "तीन मतं! तीन मतं होती रे ती!" आणि अर्जुनरावांना मान खाली घालून ऐकून घ्यावं लागे. वैष्णवीच्या मीटिंगमध्ये एकदा तो आवाज शिरला. पुण्याच्या साहेबांनी घाबरून विचारलं की तिथं काही झालंय का. ती म्हणाली, काही नाही सर, आमच्या घरात बोलणं चाललंय.

फेब्रुवारीत अर्जुनरावांनी विषय काढला. अंबाजोगाईला कान तपासायची सोय होती, एखादं यंत्र बसतंय का बघू, असं त्यांनी फोनमध्ये बोलून दाखवलं. आप्पारावांनी वाचून मान उडवली. "म्हाताऱ्या कानाला काय करायचंय." तिसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीवरून विचारलं, "गाडी कितीला हाय अंबाजोगाईची?"

सकाळच्या एसटीनं दोघं निघाले. खिडकीपाशी आप्पाराव, शेजारी अर्जुनराव, मांडीवर कागदांची पिशवी. गाव सुटल्यावर आप्पारावांनी खिशातून फोन काढला, बटण दाबून भावापुढं धरला. अर्जुनराव काहीतरी बोलले, पण अक्षरं उमटली नाहीत. रेंज नव्हती. आप्पारावांनी फोन हलवून बघितला, वर धरून बघितला आणि परत खिशात टाकला.

बाहेर हरभरा पिवळा पडत चालला होता. मध्ये एका फाट्यावर गाडी थांबली तेव्हा आप्पारावांनी पेरू घेतले, मोठा निवडून भावाच्या हातात दिला, आणि मिठाची पुडी सोडून दोघांच्या मध्ये, सीटवर ठेवली.